छिन्नमनस्कता आणि घर : कुटुंबोपचाराचे महत्त्व

जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील फैजपूरची इतिहासात नोंद झाली ती डिसेंबर १९३६ मधील काँग्रेसच्या अधिवेशनामुळे. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरलेले हे खेड्यातील पहिलेच अधिवेशन होते. सातपुड्याच्या पायथ्याशी पसरलेल्या या केळीच्या पट्ट्यात घर आणि शेत यांच्यात आजही फारसे अंतर नसते. लागवड, पाणी, घड उतरविणे, व्यापाऱ्याशी बोलणी ही सारी कामे घरातली माणसे वाटून घेतात. एका माणसाचे आजारपण साऱ्या घराच्या वेळापत्रकात उतरते. असे असले तरी मधुमेह किंवा हृदयविकार याविषयी ओट्यावर बसून जेवढे मोकळेपणाने बोलले जाते, तेवढे मनाच्या आजाराविषयी बोलले जात नाही. त्यातही छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, हा शब्द घराच्या उंबरठ्याबाहेर सहसा जात नाही.

समजा, अशाच एखाद्या घरातील बावीस वर्षांचा मुलगा महाविद्यालयात जाणे हळूहळू बंद करतो. रात्र रात्र जागतो, आंघोळ टाळतो, जेवणाचे ताट संशयाने न्याहाळतो. शेजारचे लोक आपल्याविषयीच बोलतात असे म्हणतो, कोणी नसताना कुणाला तरी उत्तरे देतो. वडिलांना वाटते, मुलगा आळशी झाला. आईला वाटते, कुणाची तरी नजर लागली. आजी भगताकडे नेण्याचा आग्रह धरते आणि काका म्हणतात, ‘लग्न करून द्या, आपोआप सुधारेल.’ या साऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. मात्र या चारही मतांत आजाराचे नाव कुठेच नसते आणि उपचाराविना जाणारा एकेक महिना पुढची वाट अवघड करीत जातो.

आजार कोणता?

छिन्नमनस्कता हा मेंदूच्या कार्याशी संबंधित आजार आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे वेगळेपण मांडले. ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव स्विस तज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये सुचविले. या नावामुळे ‘एका माणसात दोन व्यक्तिमत्त्वे’ असा गैरसमज रूढ झाला असला तरी तो चुकीचा आहे. या आजारात विचार, भावना आणि वर्तन यांची परस्परांशी असलेली सांगड विस्कटते.

लक्षणांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. कानात आवाज येणे, निराधार संशय, कुणीतरी आपले विचार चोरते किंवा नियंत्रित करते अशी ठाम समजूत, असंबद्ध बोलणे ही पहिल्या गटातील लक्षणे चटकन नजरेत भरतात. उत्साह नाहीसा होणे, बोलणे कमी होणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे, स्वच्छतेकडे दुर्लक्ष होणे ही दुसऱ्या गटातील लक्षणे मात्र आजार म्हणून ओळखलीच जात नाहीत. घरातील बहुतेक भांडणे या दुसऱ्या गटामुळेच होतात, कारण ती आळसासारखी दिसतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना, म्हणजे साधारणपणे ३०० पैकी एकाला, हा आजार आहे. बहुतांश रुग्णांत तो किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतो. आनुवंशिकतेचा त्यात वाटा असतो, मात्र ती एकमेव कारण नव्हे. आई किंवा वडील यांपैकी एकास आजार असल्यास अपत्याला तो होण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास मानली जाते. अर्थात नव्वद टक्क्यांच्या आसपास मुले त्यापासून मुक्त राहतात, हेही तेवढेच खरे.

आरोपीच्या पिंजऱ्यातील कुटुंब

कुटुंब आणि छिन्नमनस्कता यांचा संबंध विसाव्या शतकाच्या मध्यास मोठ्या अन्यायकारक रीतीने मांडला गेला. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषकांच्या लिखाणातून ‘हा आजार निर्माण करणारी आई’ ही कल्पना पुढे आली. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले, की घरात मुलाला सतत परस्परविरोधी संदेश मिळत राहिल्यास त्याच्या मनाची कोंडी होते आणि त्यातून आजार उद्भवतो. पुढील संशोधनात या उपपत्तींना आधार मिळाला नाही. तोपर्यंत मात्र अनेक माता-पित्यांच्या माथी अपराधाचे ओझे बसले होते. ‘आमच्याच संस्कारांत काही उणे राहिले का?’ हा प्रश्न आजही मानसोपचारतज्ज्ञांच्या खोलीत विचारला जातो. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. घरामुळे हा आजार होत नाही.

मग घराचा काहीच संबंध नाही का? संबंध आहे, पण तो आजाराच्या कारणाशी नसून त्याच्या वाटचालीशी आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी १९५० च्या दशकात रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा एक अनपेक्षित बाब आढळली. आई-वडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्या रुग्णांचा आजार, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहणाऱ्यांच्या तुलनेत अधिक वेळा उलटत होता. त्यामागे घरातील टीकेचा सूर, राग किंवा तिरस्कार आणि अतिकाळजी या तीन गोष्टी असल्याचे पुढे दिसून आले. १९७६ मध्ये क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी याच निष्कर्षाला पुष्टी दिली. अशा तणावपूर्ण घरात रुग्ण आणि नातलग आठवड्यातून ३५ तासांहून अधिक काळ समोरासमोर राहत असतील, तर आजार उलटण्याचा धोका विशेष वाढतो, असे त्यांना आढळले.

येथे अतिकाळजीचा समावेश पाहून मराठी वाचकाला नवल वाटेल. पंचवीस वर्षांच्या मुलाला आईने घास भरविणे, त्याचे प्रत्येक काम स्वतः करणे, त्याला क्षणभरही एकटे न सोडणे हे आपल्याकडे मायेचे लक्षण मानले जाते. तथापि या मायेतून ‘तुला काहीच जमणार नाही’ असा संदेशही नकळत जात असतो.

भारतीय कुटुंबाची जमेची बाजू

भारतात कुटुंबाकडे उपचारातील सहकारी म्हणून पाहण्याची परंपरा जुनी आहे. अमृतसर येथील मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. नातलग रुग्णाची देखभाल करीत, आजाराविषयी ऐकत आणि घरी परतताना भीतीऐवजी समज घेऊन जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही रुग्णासोबत कुटुंबीयांनी राहण्याची पद्धत रूढ झाली. पाश्चात्त्य देशांत रुग्णाला घरापासून दूर ठेवण्याचा प्रघात असताना हे घडत होते, ही बाब लक्षणीय आहे.

१९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चंडीगड येथील अभ्यासात, तीव्र टीका वा अतिकाळजी करणाऱ्या नातलगांचे प्रमाण लंडनच्या मानाने बरेच कमी आढळले. एकत्र कुटुंबात देखभालीचा भार वाटला जातो, रुग्णाला झेपेल असे काही ना काही काम मिळते, त्याचे घरातील स्थान टिकून राहते. केळीच्या बागायतीत तर मोटार सुरू करण्यापासून मजुरांचा हिशेब ठेवण्यापर्यंत कमी-अधिक जबाबदारीची कितीतरी कामे असतात. या दृष्टीने शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाकडे पुनर्वसनाचे साधन आयतेच असते.

परंतु या चित्राची दुसरी बाजूही पाहायला हवी. एकत्र कुटुंबात सल्ला देणारे अनेक असतात, मात्र औषध देण्याची जबाबदारी बहुधा एकाच बाईवर पडते. वाटण्या झाल्या, मुले पुण्या-मुंबईकडे गेली, की उरते ती म्हातारी आई आणि आजारी मुलगा. त्यातही आजारी व्यक्ती सून असेल तर तिची रवानगी माहेरी होते आणि तिच्या उपचारांचा खर्च कोणी करायचा यावर दोन्ही घरे हात झटकतात. कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही.

कुटुंबोपचारात काय घडते?

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून इयान फॅलून, कॅरोल अँडरसन, जेरार्ड होगार्टी आदींनी कुटुंबासोबत काम करण्याच्या शिस्तबद्ध पद्धती विकसित केल्या. औषधोपचारांना कुटुंबोपचाराची जोड दिल्यास आजार उलटण्याचे आणि पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण घटते, हे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे. ब्रिटनमधील अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीन महिने ते एक वर्ष या कालावधीत किमान दहा बैठका व्हाव्यात आणि शक्य तेथे रुग्णही त्यांत सहभागी असावा. औषधांना पर्याय म्हणून मात्र या उपचाराकडे पाहता येत नाही.

पहिला टप्पा माहितीचा. आजार म्हणजे काय, औषधे काय करतात, त्यांचे दुष्परिणाम कोणते, किती काळ घ्यावी लागतील याविषयी सर्वांना एकाच वेळी, एकच माहिती दिली जाते. घरातील दोघांची मते दोन दिशांना असतील तर औषध बंद पडायला वेळ लागत नाही.

दुसरा टप्पा संवादाचा. ‘दिवसभर लोळत पडतो, घराला भार झाला आहेस’ या वाक्यातून मुलाला केवळ तिरस्कार ऐकू येतो. त्याऐवजी ‘दादा, सकाळी आठला उठून माझ्यासोबत चहा घेतलास तर मला बरे वाटेल’ असे म्हटले, तर त्यात निश्चित, लहान आणि जमण्यासारखी अपेक्षा असते. वाक्ये आखूड असावीत, एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि जमलेल्या कामाची दखल त्याच दिवशी घ्यावी. रुग्णाला ऐकू येणाऱ्या आवाजांवरून वाद घालू नये. ‘असे काही नाहीच’ म्हणून ते थांबत नाहीत. उलट ‘हो, मलाही ऐकू येतात’ असे म्हणणे फसवणुकीचे ठरते. ‘मला ते ऐकू येत नाहीत, पण तुला त्याचा त्रास होतो आहे हे दिसते’ हा मधला मार्ग प्रामाणिकही आहे आणि दिलासा देणाराही.

तिसरा टप्पा अडचणी सोडविण्याचा. प्रश्न नेमका काय आहे ते ठरविणे, सुचतील ते सारे उपाय मांडणे, प्रत्येकाचे फायदे-तोटे तपासणे, एक उपाय निवडणे, कोणी काय करायचे ते वाटून घेणे आणि आठवड्याने आढावा घेणे, अशी ही पद्धत आहे. रात्री दूरचित्रवाणीचा आवाज किती असावा, पैसे कोणाकडे असावेत, आंघोळ केव्हा करावी अशा साध्या प्रश्नांवरच तिचा सराव केला जातो.

चौथा टप्पा पूर्वसूचना ओळखण्याचा. आजार बहुधा एका रात्रीत उलटत नाही. झोप कमी होणे, चिडचिड, संशय, खोलीत कोंडून घेणे, स्वतःशी पुटपुटणे, गोळ्या टाळणे अशी चिन्हे आधी काही दिवस किंवा आठवडे दिसतात. प्रत्येक रुग्णाचा हा क्रम ठरलेला असतो. तो वहीत लिहून ठेवावा आणि पहिली दोन चिन्हे दिसताच डॉक्टरांना गाठावे. मरणाविषयीचे बोलणे कधीही थट्टेवारी नेऊ नये, कारण या आजारात आत्महत्येचा धोका सर्वसामान्यांपेक्षा बराच अधिक असतो.

औषधे, ऊन आणि दिनक्रम

१९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाल्यापासून या आजाराचे चित्र पालटले. आज अनेक औषधे उपलब्ध आहेत. गोळ्या नियमित घेतल्या जात नसतील तर दोन ते चार आठवड्यांनी किंवा त्याहून अधिक अंतराने घ्यावयाची इंजेक्शनेही मिळतात. ‘आता बरे आहे, मग कशाला गोळ्या?’ या विचाराने औषध परस्पर बंद करणे हे आजार उलटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण होय. औषध जेवणात लपवून देण्याची पद्धत अनेक घरांत असते. मुळातच अन्नात काही मिसळले जाते असा संशय असलेल्या रुग्णाच्या हे लक्षात आले, तर त्याचा उरलासुरला विश्वास उडतो. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून अन्य मार्ग शोधावा.

खानदेशात आणखी एका गोष्टीची काळजी घेणे अगत्याचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ परिसरात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. या आजारावरील अनेक औषधांमुळे शरीराची तापमान नियंत्रित करण्याची क्षमता मंदावते, काहींमुळे घाम कमी येतो, तर काहींमुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते. त्यामुळे भर दुपारी शेतात काम देणे टाळावे, पाणी वारंवार पाजावे, डोक्यावर रुमाल वा टोपी असावी. तीव्र ताप, अंग ताठरणे आणि गोंधळलेली अवस्था एकत्र दिसल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. वजन व रक्तातील साखर यांची तपासणीही ठरावीक अंतराने करून घ्यावी.

लग्न हा उपचार नव्हे

‘लग्न केले की ठीक होईल’ ही समजूत दोन घरे उद्ध्वस्त करू शकते. लग्नातील दगदग, जागरणे आणि नव्या जबाबदाऱ्या यांचा ताण आजार उलटविण्यास पुरेसा असतो. आजार लपविल्यामुळे औषधेही लपवावी लागतात आणि पुढे बंद पडतात. याचा अर्थ छिन्नमनस्कता असलेल्या व्यक्तीने लग्न करूच नये असा नव्हे. आजार दीर्घकाळ आटोक्यात असलेली अनेक माणसे उत्तम संसार करतात. मात्र दुसऱ्या पक्षाला आजाराची पूर्ण कल्पना असली पाहिजे. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण असले, तरी केवळ निदानाचा कागद पुरेसा नाही, आजाराचे स्वरूप व तीव्रता पाहावी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता खटल्यात स्पष्ट केले आहे.

कायद्याचा आधार

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले मनोरुग्ण होरपळून मृत्युमुखी पडले. मृतांची संख्या २८ होती. बरे होण्याच्या आशेने घरच्यांनीच अनेकांना तेथे आणून ठेवले होते. या घटनेने देश हादरला. मे २०१८ मध्ये अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार कोणत्याही प्रकारे रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. सरकारी यंत्रणेकडून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला गेला आहे. आजार बळावल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत हे रुग्ण आधीच लिहून ठेवू शकतो आणि आपला प्रतिनिधीही नेमू शकतो. रुग्णाची प्रकृती स्थिर असताना घरातील सर्वांनी एकत्र बसून हा कागद तयार करणे, हाही कुटुंबोपचाराचाच भाग ठरतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश असून ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास विविध सवलतींचा लाभ घेता येतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मराठीतून बोलण्याची सोय तेथे आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, तसेच जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांचाही आधार खानदेशातील कुटुंबांना घेता येईल.

धुळ्याच्या सुपुत्राने दाखविलेली वाट

या विषयावर महाराष्ट्रात जी जागृती झाली, तिचा एक धागा थेट खानदेशाशी जुळतो. मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला छिन्नमनस्कतेने ग्रासले. शुभंकराची, म्हणजे रुग्णाची काळजी वाहणाऱ्याची, भूमिका त्यांनी अनेक वर्षे निभावली आणि त्या अनुभवातून पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था उभी केली. या संस्थेने रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांचे स्वमदत गट चालविले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ मधील ‘देवराई’ या चित्रपटालाही डॉ. वाणी यांचे पाठबळ लाभले. अतुल कुलकर्णी यांनी रंगविलेला आजारी भाऊ आणि सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेली त्याला सांभाळणारी बहीण यांच्या रूपाने अनेक मराठी घरांना आपलीच गोष्ट पहिल्यांदा पडद्यावर दिसली.

साताऱ्यासह गोवा व तामिळनाडू येथे झालेला आणि २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही उल्लेखनीय आहे. त्यात २८२ रुग्णांचा समावेश होता. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी रुग्णाच्या घरी जाऊन कुटुंबाला माहिती व आधार दिला. केवळ दवाखान्यातील उपचारांच्या तुलनेत या जोड-पद्धतीने लक्षणे आणि अकार्यक्षमता यांत माफक, पण निश्चित सुधारणा झाली. तज्ज्ञांची वानवा असलेल्या तालुक्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष आशादायक आहे.

‘आमच्यानंतर कोण?’

छिन्नमनस्कता असलेल्या व्यक्तीच्या आई-वडिलांना रात्री झोप लागू न देणारा प्रश्न एकच असतो : आमच्यानंतर याचे कोण? याचे उत्तर शेवटच्या आजारपणात शोधायचे नसते. भावंडांशी वेळेवर बोलणे, मृत्युपत्र किंवा विश्वस्त व्यवस्था करणे, प्रमाणपत्रे व उपचारांची कागदपत्रे एका जागी ठेवणे, बँकेचे आणि दवाखान्याचे व्यवहार रुग्णाला थोडे थोडे शिकविणे ही तयारी पन्नाशीतच सुरू करावी लागते. रुग्णाने स्वतःचा चहा करणे, स्वतःच्या गोळ्या ओळखणे आणि एकट्याने भुसावळपर्यंत बसने जाऊन येणे या गोष्टी क्षुल्लक वाटल्या तरी त्या भविष्याच्या ठेवी आहेत.

त्याचबरोबर काळजी वाहणाऱ्याने स्वतःची झोप, स्वतःचे आरोग्य आणि आठवड्यातील काही तास स्वतःसाठी राखून ठेवले पाहिजेत. त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही. जी आई दहा वर्षे एकही लग्नकार्य पाहू शकली नाही, तिच्या आवाजात कधीतरी त्रासिकपणा उतरणारच. दर पंधरवड्याला एक दिवस जावेने किंवा दिराने जबाबदारी उचलली, तर तो त्रासिकपणा कमी होईल आणि त्याचा लाभ अंतिमतः रुग्णालाच मिळेल.

छिन्नमनस्कता पूर्णपणे बरी होईल, असे प्रत्येकाला सांगता येत नाही. परंतु औषध, काम आणि समजूतदार घर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर बहुसंख्य रुग्णांचे जगणे सुसह्य होते आणि अनेकांचे अर्थपूर्ण होते. औषध दवाखान्यातून मिळेल, काम शेतात किंवा दुकानात मिळेल. समजूतदार घर मात्र घरातल्या माणसांनाच घडवावे लागते आणि ते घडविण्यासाठी मदत मागण्यात कोणताही कमीपणा नाही.